नागपुरात नोकरी करता करता कन्स्ट्रक्शन इंजिनिअरिंगची डिग्री घेऊ पाहणाऱ्यांनी हे वाचा

कॅप राउंड (इंजिनिअरिंगच्या सरकारी प्रवेशाच्या फेऱ्या) सुरू झाले की सीताबर्डी, धरमपेठ, झाशी राणी चौक सगळीकडे ॲडमिशनचे बॅनर लागतात आणि डिप्लोमा झालेल्या पोरांना फोनवर फोन येतात, नंबर कुठून मिळतो देव जाणे. माझ्या धाकट्या भावाला नोकरी करत बी.टेक. करा म्हणून असाच फोन आला होता २०२२ मध्ये. त्याची दोन वर्षं आणि बाबांचे सव्वादोन लाख रुपये त्यात गेले, आणि तेच लोक आता दुसऱ्या नावाने तेच करून राहिले आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

भाऊ एमएसबीटीईचा (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा) सिव्हिल डिप्लोमा करून मिहानकडे एका साइटवर सुपरवायझर होता. डिग्री पाहिजे होती पण नोकरी सोडणं शक्य नव्हतं, घरी काटोलकडे संत्र्याची शेती, दोन वर्षं लागोपाठ फळगळ झालेली आणि त्याच्या पगारावर घराचं बरंच चालायचं. अशीच पोरं या लोकांना पाहिजे असतात, हुशार, कष्टाळू, आणि वेळ नसलेली. ऑफिस एकदम चकाचक, काचेची केबिन, भिंतीवर आयएसओचं सर्टिफिकेट फ्रेम करून. (आयएसओचा आणि डिग्रीच्या मान्यतेचा काडीचा संबंध नाही, पण आईबाबांना ते सरकारी वाटतं.) कोर्सचं नाव सांगितलं बी.टेक. कन्स्ट्रक्शन इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी, डिप्लोमावाल्यांना डायरेक्ट सेकंड इयर, क्लास शनिवार-रविवार नागपुरातच, डिग्री शेजारच्या राज्यातल्या एका खाजगी युनिव्हर्सिटीची. "भाऊ, पाच दिवस साइट करा, दोन दिवस क्लास करा, तीन वर्षांत इंजिनिअर, कॅपमध्ये तुमचा नंबर कुठे लागते."

बाबांनी विचारलं होतं की एआयसीटीईची, म्हणजे टेक्निकल कोर्सला मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेची, मान्यता आहे का. त्यावर तो माणूस अजिबात अडखळला नाही, म्हणे काका, युनिव्हर्सिटीला एआयसीटीई लागतच नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आणि निकालाची प्रिंटच काढून हातात दिली. आता हे नीट समजून घ्या कारण सगळा खेळ इथेच आहे. निकाल खरा आहे, २००१ चा, भारतीदासन युनिव्हर्सिटीचा, आणि त्यात युनिव्हर्सिटीला टेक्निकल कोर्स सुरू करायला एआयसीटीईची आधी परवानगी लागत नाही असं म्हटलंय हेही खरं. पण तो युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या कोर्सबद्दल आहे, नागपुरात भाड्याच्या मजल्यावर चालणाऱ्या सेंटरबद्दल नाही. २००५ मध्ये यशपाल विरुद्ध छत्तीसगड या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडमधली शंभरावर खाजगी विद्यापीठं रद्द केली, आणि राज्याच्या कायद्याने बनलेल्या विद्यापीठाला आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर सेंटर चालवता येत नाही हेही त्यात स्पष्ट झालं. यूजीसी तेच परत परत सांगते. मग २०१७ मध्ये ओरिसा लिफ्ट इरिगेशनच्या केसमध्ये काही अभिमत विद्यापीठांनी मान्यता न घेता डिस्टन्समधून वाटलेल्या इंजिनिअरिंगच्या डिग्र्यांना कोर्टाने दणका दिला, नोकरीला लागून वर्षं झालेल्या लोकांच्या डिग्र्या त्यात अडकल्या. हे दोन निकाल त्या माणसाच्या फाइलमध्ये नव्हते.

आणि म्हणूनच फक्त यूजीसीच्या फेक युनिव्हर्सिटीच्या यादीत नाव शोधून काही होत नाही. त्या यादीत नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे, ती बघायलाच पाहिजे, पण आमच्या केसमधली युनिव्हर्सिटी खरी होती, यूजीसीच्या साइटवर तिचं नाव होतं. खोटं होतं ते नागपूरचं सेंटर आणि कोर्सचं नाव.

पावत्यांचं सांगतो. दरवर्षीची फी ८० हजार, शिवाय सुरुवातीला "सीट बुकिंग" म्हणून ६५ हजार रोख. बाबांनी मृग बहाराचे आलेले पैसे नेऊन दिले. पावती मिळाली ती कुठल्यातरी बहुउद्देशीय शिक्षण संस्थेच्या नावाची, युनिव्हर्सिटीचं नाव कुठेच नाही, आणि कशाबद्दल या ओळीत फी असं न लिहिता "विकास निधीस ऐच्छिक सहकार्य" असं छापलेलं, खाली बारीक अक्षरात "रक्कम परत मिळणार नाही". विद्यार्थ्याचं नाव आहे, कोर्सचं नाव नाही, वर्ष नाही. पुढे वकिलांनी त्या कागदावर बोट ठेवून सांगितलं की यांनी पहिल्या दिवसापासून सुटायची तयारी करून ठेवली होती.

डिप्लोमाच्या ओरिजिनल मार्कशीट आणि टीसी पण व्हेरिफिकेशनच्या नावाखाली ठेवून घेतल्या. हे सरळ बेकायदेशीर आहे, यूजीसीने २०१८ मध्ये नोटिफिकेशन काढून ओरिजिनल कागद ठेवून घ्यायला मनाई केली आहे, कॉलेजने बघायचे आणि लगेच परत करायचे. पण एकदा कागद त्यांच्याकडे गेले की पोरगं दुसरीकडे ॲडमिशन घेऊच शकत नाही.

माझ्या मनात खरी शंका आली ती त्यांची लॅब पाहून. मी बुटीबोरीकडे आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर क्वालिटीला आहे, रोज काँक्रीटचे क्यूब म्हणजे ठोकळे भरणं, मजबुती बघायला ७ दिवसांचे तोडणं, २८ दिवसांचे तोडणं हेच माझं काम. भावाचे कागद मागायला गेलो तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने मटेरियल टेस्टिंग लॅब दाखवली. १५० एमएमचे क्यूब मोल्ड ओळीने मांडलेले, पण आतून कोरे करकरीत, ना ऑइल लावल्याची खूण ना सिमेंटचा एक डाग. क्युरिंग टँकमध्ये पाणी नाही, खडूचे डबे. कॉम्प्रेशन मशीनच्या डायलवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं आणि वायरला प्लगच नव्हता. जिथे वर्षभर पोरं प्रॅक्टिकल करतात त्या लॅबमध्ये फरशीवर सिमेंटची पुटं असतात, तुटलेल्या क्यूबचा ढीग कोपऱ्यात असतो, स्लम्प कोन चेपलेला असतो. कॉलेज बघायला जाल तेव्हा बिल्डिंग आणि एसी क्लासरूम नका बघू, क्यूबचा ढीग कुठे आहे ते विचारा, आणि शेवटचा क्यूब कधी तोडला त्याचं रजिस्टर मागा.

बिंग फुटलं ते मात्र साइटवर. भावाच्या कंपनीने एका रस्त्याच्या कामासाठी इंजिनिअर म्हणून त्याचं नाव पुढे केलं, तिसरं वर्ष चालू आहे म्हणून तोवरच्या मार्कशीट लावल्या. कन्सल्टंटकडून फाइल परत आली. मार्कशीटवर बी.टेक. नव्हतंच, बी.एस्सी. कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी असं होतं! दोन वर्षं पोरांना बसमध्ये घालून परीक्षेला त्या राज्यात नेऊन आणत होते आणि मार्कशीट "कॉन्व्होकेशनच्या वेळी एकदम" देऊ म्हणत होते, ही तर कंपनीसाठी भांडून काढली तेव्हा मिळाली. सरकारी भरतीत जाहिरातीत शाखेचं नाव लिहिलेलं असतं, कोणती पदवी समतुल्य धरायची ते जीआरने ठरतं, तिथे "अभ्यासक्रम तोच आहे ना" हे ऐकून घेणारं कोणी नसतं. भाऊ त्या रात्री जेवला नाही, आणि बाबा तर कोणाशी बोलायलाच तयार नव्हते.

मग नोटीस पाठवली, पोलिसांकडे तक्रार दिली, प्रकार २०२२ चा म्हणून जुन्या ४२० खाली. नोटिशीनंतर ओरिजिनल कागद परत आले, बँकेतून दिलेले पैसे मात्र अर्धेच आले, रोख दिलेल्या ६५ हजारांची तर त्यांनी ओळखच दाखवली नाही. तक्रार अजून चालू आहे.

ज्या गोष्टीसाठी हे सगळं केलं ती गोष्ट सरळ मार्गाने मिळत होती याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. डिप्लोमावाल्यांना डायरेक्ट सेकंड इयरसाठी सीईटी लागत नाही, सीईटी सेलच्या कॅपमधून डिप्लोमाच्या मार्कांवर नंबर लागतो, आणि इन्टेकच्या (मंजूर जागांच्या) १० टक्के जागांशिवाय आदल्या वर्षी फर्स्ट इयरला रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यात येतात. "नंबर कुठे लागते" म्हणणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. शिवाय २०२३-२४ पासून एआयसीटीईने नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांसाठी वेगळी बी.ई./बी.टेक. बॅच मान्य केली आहे, कॉलेजच्या वेळेनंतरची, ती फक्त मान्यता मिळालेल्या कॉलेजातच. कॉलेजकडे त्या वर्षाला लागू असलेलं ईओए लेटर (एआयसीटीईचं मान्यता चालू असल्याचं पत्र) मागा, त्यावर कॉलेजचा पत्ता, कोर्सचं पूर्ण नाव आणि इन्टेक असतो, आणि एआयसीटीईच्या साइटवर स्वतः उघडून ताडून बघा, त्यांनी मोबाईलवर दाखवलेल्या पीडीएफवर जाऊ नका. एनबीए (कोर्सच्या दर्जाचं मानांकन) सांगितलं तर कोणत्या कोर्सला ते विचारा, कारण एनबीए कोर्सला मिळतं, कॉलेजला नाही. काही शंका वाटली तर सदरला गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकच्या आवारात तंत्रशिक्षणचं विभागीय ऑफिस आहे, तिथे जाऊन कोर्सचं नाव दाखवून विचारा, एक रुपया लागत नाही.

भावाने यंदा कॅपचा फॉर्म भरलाय, सेकंड इयरपासून परत सुरुवात. त्याच्या बॅचमध्ये उमरेड, सावनेर, भंडाऱ्याकडची पुष्कळ पोरं होती, त्यातली काही अजूनही "चौथ्या सेमची" फी भरून राहिली आहेत. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर आधी फी थांबवायला सांगा, ओरिजिनल कागद लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या कॉपीवर पोचचा शिक्का घ्या. "ऐच्छिक सहकार्य"वाल्या पावत्या, बसने परीक्षेला नेल्याचे व्हॉट्सॲप मेसेज, रोख दिले त्या दिवशीची बँकेतून काढल्याची एंट्री, यातलं काहीही फेकू नका, तपास अधिकाऱ्याने आमच्याकडे हेच मागितलं आणि जितक्या जणांचे कागद जुळतील तितकी केस पक्की होईल असं त्यांनीच सांगितलंय.