लिव्हरपूलची अकॅडमी आणि मॅनेजर शोधायची पद्धत : एका फॅनचा सविस्तर रिव्ह्यू

जर्सीचे आणि बुटांचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात पण क्लब जे मुख्य काम करतो त्याचा रिव्ह्यू फारसं कोणी लिहीत नाही. मेंबरशिप आपण भरतो, जर्सी आपण घेतो, मॅच बघायला सबस्क्रिप्शनचे पैसे आपणच देतो, मग गिऱ्हाईक म्हणून दोन गोष्टींचा हिशेब मागायला काय हरकत आहे? एक म्हणजे अकॅडमीतून पोरं कशी तयार होतात आणि दुसरं म्हणजे मॅनेजर (टीम निवडणारा आणि खेळवणारा माणूस) निघाला की नवीन कसा शोधतात. स्ट्रायकर काय, पैसे असले की कोणीही आणतं. मी इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबबद्दल लिहितोय कारण हा क्लब मी मनापासून फॉलो करतो, आणि २०१५ ते २०२५ या काळात या दोन्ही गोष्टी तिथे अगदी उघड्यावर घडल्या, नीट बघणाऱ्याला सगळं दिसत होतं.

रेटिंग आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. मॅनेजर शोधायच्या कामाला ५ पैकी ५. अकॅडमीला पोरगा १८ चा होईपर्यंत साडेचार, पण १८ नंतर पहिल्या टीमपर्यंतचा जो शेवटचा टप्पा आहे त्याला ३, आणि ते ३ सुद्धा जिवावर येऊन देतोय.

आधी अकॅडमी. लिव्हरपूल शहराजवळच्या कर्कबीची अकॅडमी नव्वदच्या दशकाच्या शेवटी उभी राहिली, आणि त्याच्या आधीपासूनच स्टीव्ह हायवे पोरांचं काम बघत होता, मॅकमॅनमन, फाउलर, ओवेन, कॅरागर, जेरार्ड ही सगळी त्याच्या हाताखालून गेलेली. १९९६ चा एफए यूथ कप, मग २००६ आणि २००७ चा, तो वारसा मोठाच आहे. अडचण एकच होती, पहिली टीम मेलवूडच्या जुन्या मैदानावर प्रॅक्टिस करायची आणि पोरं कर्कबीला, म्हणजे एकाच क्लबची दोन घरं. नोव्हेंबर २०२० मध्ये साधारण ५ कोटी पौंड खर्चून नवीन ट्रेनिंग सेंटर कर्कबीलाच बांधलं आणि पहिली टीम तिथे आली. ऐकायला ही बिल्डिंगची बातमी वाटते पण माझ्या मते या दहा वर्षांतला अकॅडमीसाठीचा सगळ्यात चांगला निर्णय हाच, कारण प्रॅक्टिसला ऐनवेळी एक माणूस कमी पडला तर १७ वर्षांचं पोरगं शेजारच्या मैदानावरून चालत येतं, आणि मॅनेजरला त्याचं नाव फाइलमधून नाही तर डोळ्यांनी माहीत होतं. सलाहसारख्या स्टारच्या अंगावर धावून जाऊन बॉल काढायची सवय त्याला तिथेच लागते, ती अंडर-२१ च्या मॅचमध्ये लागत नाही.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे पगाराची शिस्त. अकॅडमी डायरेक्टर अॅलेक्स इंगलथॉर्पच्या काळात १७ वर्षांच्या पोरांना पहिल्या प्रो वर्षात साधारण ४०,००० पौंडांच्या वर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. इंग्लंडमध्ये त्या वयात पोरांना गाडी-बंगल्याइतके पैसे मिळतात आणि निम्म्यांची भूक तिथेच मरते. या नियमामुळे एखादा चांगला पोरगा दुसरीकडे जाऊ शकतो हे माहीत असूनही क्लब ठाम राहिला, त्याबद्दल मला आदर आहे. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नॉल्ड ६ वर्षांचा असताना आला, कर्टिस जोन्स ९ चा असताना, दोघंही याच शहरातले, आणि दोघांनी लीगची मेडल्स घेतली, ट्रेंटनं तर चॅम्पियन्स लीगचंही.

पण सगळी पोरं शहरातलीच असतात असं नाही हेही सांगायला हवं. जानेवारी २०२१ पासून ब्रेक्झिटमुळे इंग्लिश क्लबांना परदेशातला १८ च्या आतला खेळाडू घेताच येत नाही. स्टेफान बायचेटिच सेल्टा व्हिगोहून आला तो अगदी दार बंद होता होता. त्यानंतर सगळे मोठे क्लब इंग्लंडमधल्याच त्याच त्या पोरांच्या मागे लागलेत, म्हणून रिओ एन्गुमोहा चेल्सीच्या अकॅडमीतून येतो, ट्रे नियोनी लेस्टरमधून, हार्वे एलियट त्याआधी फुलहॅममधून. याला काही लोक 'स्वतःची पोरं' म्हणायला तयार नसतात. मला त्यात फार अर्थ वाटत नाही, १६ व्या वर्षी आलेल्या पोराला घडवायला अजून भरपूर बाकी असतं.

आता २५ फेब्रुवारी २०२४, वेम्बली, लीग कपची फायनल, समोर चेल्सी. दुखापतींमुळे अॅलिसन नाही, ट्रेंट नाही, सलाह नाही, नुनेझ नाही, सोबोस्लाई नाही, जोटा नाही, जोन्स नाही, आणि अर्ध्या तासाच्या आत खेनबर्ख पण लंगडत बाहेर. गोलमध्ये क्विवीन केलेहर, राइट बॅकला कॉनर ब्रॅडली, दोघंही अकॅडमीचे. मग ७२ व्या मिनिटाला बॉबी क्लार्क आला, ८७ व्या मिनिटाला जेम्स मकॉनेल आणि जेडन डॅन्स, एक्स्ट्रा टाइममध्ये जॅरेल क्वान्सा. डॅन्स १८ चा, क्लार्क आणि मकॉनेल १९ चे, क्वान्सा २१ चा. समोर चेल्सीच्या मिडफिल्डमध्ये कायसेडो आणि एन्झो, नुसत्या या दोघांवर २० कोटी पौंडांच्या वर खर्च झालेला. आणि ११८ व्या मिनिटाला त्सिमिकासच्या कॉर्नरवर व्हॅन डाइकचं हेडर, १-०. लोकांना गोल आठवतो, मला एक्स्ट्रा टाइमची ती ३० मिनिटं आठवतात, कारण ती पोरं वेळ काढत नव्हती, ती प्रेस करत होती (म्हणजे बॉल गेला की लगेच अंगावर धावून परत काढायचा), तेही पहिल्या टीमसारखंच, त्याच जागा धरून. हे एका रात्रीत होत नाही. तीन दिवसांनी एफए कपमध्ये साउथहॅम्प्टनला ३-० हरवलं, त्यात पहिला गोल लुईस कूमासचा, तोही पदार्पणात, आणि पुढचे दोन डॅन्सचे. (कूमास, डॅन्स, क्लार्क तिघांचेही वडील प्रोफेशनल फुटबॉल खेळलेले, घरातच वातावरण असलं की पोरगं दडपण कसं घेतं ते यांच्याकडे बघून कळतं.)

हे का जमलं याचं उत्तर दोन माणसांत आहे. पेप लाइंडर्स २०१४ मध्ये क्लबमध्ये आला तोच अकॅडमीत, आणि पुढे तेव्हाचा मॅनेजर युर्गेन क्लॉपचा असिस्टंट झाला. आणि व्हिटर मॅटोस, २०१९ पासून त्याचं कामच हे होतं की अकॅडमी आणि पहिली टीम यांच्यातला दुवा बनायचं, कोणता पोरगा कधी वर आणायचा, आल्यावर त्याला काय शिकवायचं. त्यामुळे १६ वर्षांखालची टीम आणि पहिली टीम एकच भाषा बोलायची. अशा नोकऱ्यांची नावं बातम्यांत येत नाहीत पण माझ्या लेखी त्या दोन-तीन कोटींच्या खेळाडूपेक्षा महाग आहेत.

आणि गंमत बघा, हे सगळं चालू होतं तेव्हा मॅनेजर जाणार हे जगाला माहीत होतं. क्लॉपनं २६ जानेवारी २०२४ ला जाहीर केलं, क्लबला त्याने त्याआधीच नोव्हेंबरमध्ये सांगितलं होतं. इथून दुसऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू सुरू होतो. त्या वेळेला क्लबची अवस्था अशी होती की कायमचा स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा) पण नव्हता. अशा वेळी घाईघाईने मोठं नाव शोधायला निघाले असते तर पब्लिक खूश झालं असतं. त्यांनी आधी मॅनेजर शोधणारे लोक शोधले. मार्चमध्ये क्लबचा जुना स्पोर्टिंग डायरेक्टर मायकल एडवर्ड्सला परत आणलं, लगेच बोर्नमथहून रिचर्ड ह्यूजला स्पोर्टिंग डायरेक्टर केलं, आणि मग त्यांच्या हातात यादी दिली. मँचेस्टर युनायटेडनं २०१३ मध्ये काय केलं होतं आठवा, मॅनेजर फर्ग्युसन आणि चीफ एक्झिक्युटिव्ह डेव्हिड गिल दोघं एकाच उन्हाळ्यात गेले, नवीन मॅनेजर फर्ग्युसनच्याच शब्दावर आला आणि मॉइस १० महिन्यांत बाहेर. घरातलं सगळं माहीत असलेलं माणूस एकही उरलं नाही की असंच होतं.

पहिली पसंती सगळ्यांच्या मनात झाबी अलोन्सो, आपलाच जुना खेळाडू आणि तेव्हा जर्मनीतल्या लेव्हरकुसेनचा मॅनेजर, माझ्याही. मार्चच्या शेवटी त्याने लेव्हरकुसेनलाच राहतो म्हणून सांगितलं आणि फॅन लोक हादरले. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबच्या अमोरिमचं नाव खूप चाललं. पण यादी ज्या प्रश्नावरून बनली होती तो प्रश्न मला फार आवडला : आपल्याकडे जे खेळाडू आहेत त्यांच्याकडून कोण सगळ्यात चांगलं काम करून घेईल? अमोरिम तीन डिफेंडर ठेवून खेळवतो, म्हणजे अर्धी टीम बदला, विंगर विका, विंग बॅक आणा. डच क्लब फेयनूर्डचा आर्ने स्लॉट चार डिफेंडर, वरती प्रेसिंग, रुंद विंगर, म्हणजे फर्निचर न हलवता राहायला येणारा माणूस. वरून २०२२-२३ मध्ये डच लीग जिंकलेली, खेळाडू सुधारायचा रेकॉर्ड, आणि दुखापती कमी. त्यात तो हेड कोच म्हणून आला, ट्रान्सफरचा कारभार एडवर्ड्स-ह्यूजकडे, त्याच्याकडे मैदान.

ही पद्धत नवीन नाही म्हणा. २०१५ मध्ये तेव्हाचा मॅनेजर रॉजर्सला ४ ऑक्टोबरला काढलं आणि ८ ऑक्टोबरला क्लॉप साइन झाला, चार दिवसांत. तेव्हा क्लॉपचा जर्मन क्लब डॉर्टमंड मागच्या सीझनला सातवा आला होता आणि लोक म्हणत होते संपला हा, पण क्लबच्या डेटावाल्या इयान ग्रॅहमनं प्रत्येक मॅच तपासून सांगितलं होतं की टीम चांगलीच खेळत होती, नशीब वाईट होतं. टेबल न बघता खेळ बघायचा, हे दोन्ही वेळा केलं.

रिझल्ट तर सगळ्यांना माहितीये. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या सीझनसाठी फक्त कियेझा घेतला, खेनबर्खला बचावाच्या पुढच्या मिडफिल्डमध्ये बसवलं, आणि २७ एप्रिल २०२५ ला टॉटनहॅमला ५-१ हरवून चार मॅच राखून लीग जिंकली, क्लबचं विसावं टायटल. प्रीमियर लीगमध्ये आल्या आल्या पहिल्याच सीझनला टायटल जिंकणारा स्लॉट फक्त पाचवा. ५ पैकी ५ मी उगाच देत नाहीये.

मग अकॅडमीच्या शेवटच्या टप्प्याला ३ का? कारण मॅनेजर शोधताना टीम शाबूत ठेवली पण तो दुवा शाबूत नाही ठेवला. लाइंडर्स ऑस्ट्रियाच्या साल्झबर्ग क्लबला मॅनेजर म्हणून गेला, मॅटोस त्याच्याबरोबर गेला, क्लार्कला तर त्याच उन्हाळ्यात साल्झबर्गनं विकत घेतलं. क्वान्साला स्लॉटनं लीगच्या पहिल्याच मॅचला, इप्सविचला, हाफ टाइमला काढलं आणि त्यानंतर तो मागेच पडत गेला. डॅन्स लोनवर (म्हणजे काही काळ उसना) संडरलँडला गेला तो पाठीची दुखापत घेऊन, एकही मॅच नाही. त्या वेम्बलीच्या पोरांपैकी ब्रॅडली तेवढा खऱ्या अर्थाने टीमचा झाला (रियाल माद्रिदविरुद्ध एम्बापेवरचं ते टॅकल, वा!). स्लॉटला मी दोष देणार नाही, त्याला टायटल जिंकायचं होतं आणि त्याने जिंकलं. पण एकाच उन्हाळ्यात मॅनेजर, असिस्टंट आणि पोरांना ओळखणारा माणूस तिघंही जातात तेव्हा मधल्या वयाची पोरं अनाथ होतात, आणि एडवर्ड्स-ह्यूजसारख्या हुशार लोकांनी मॅनेजरच्या यादीइतकाच विचार याचाही करायला हवा होता. मी तर म्हणेन ही नोकरी मॅनेजरच्या स्टाफमध्ये नकोच, क्लबच्या पगारावर हवी, म्हणजे मॅनेजर बदलला तरी तो माणूस राहील.

आणि यात पैशाचा एक सापळा आहे तो समजून घ्या. खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत कराराच्या वर्षांत वाटून हिशेबात धरतात, पण अकॅडमीच्या पोराची हिशेबात किंमत जवळपास शून्य, म्हणून तो विकला की आलेला पैसा सगळाच्या सगळा नफा. प्रीमियर लीगचा नियम होता तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांच्या वर तोटा नको, त्यामुळे पोरं विकणं ही सगळ्या क्लबांची सगळ्यात सोपी पळवाट झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात क्वान्सा साधारण ३ कोटी पौंडांना लेव्हरकुसेनला गेला, मॉर्टन लिऑनला, डोक बोर्नमथला, आणि त्याच उन्हाळ्यात ४० कोटी पौंडांच्या वर खरेदी, त्यात स्ट्रायकर इसाक १२.५ कोटींना. ट्रेंट करार संपत आला तेव्हा जवळजवळ फुकटात माद्रिदला, ती वेगळी जखम. धंदा म्हणून हे चोख आहे. पण अकॅडमीचं यश विक्रीच्या आकड्यावर मोजायला लागलं की पोरांना संधी द्यायची घाई कोणालाच राहत नाही, बाजारात भाव येईपर्यंत दाखवलं की झालं.

तरी रेटिंग ३ च्या खाली जात नाही ते एन्गुमोहामुळे. २५ ऑगस्ट २०२५, न्यूकासल, स्कोअर २-२, इंज्युरी टाइम, आणि स्लॉटनं १६ वर्षांच्या पोराला मैदानात उतरवलं, आणि त्याने १०० व्या मिनिटाला गोल मारला, क्लबच्या इतिहासातला सगळ्यात लहान वयाचा गोल करणारा. तो विश्वास दाखवायला धाडस लागतं, त्याचे मार्क द्यायलाच हवेत.

ज्यांना ही सर्व्हिस स्वतः तपासायचीये त्यांनी अंडर-२१ च्या मॅच बघाव्यात, क्लब स्वतःच्या चॅनेलवर बऱ्याच दाखवतो. स्कोअरकडे फार लक्ष देऊ नका. राइट बॅक आत कुठे सरकतो, बॉल गेल्यावर पहिला कोण धावतो, हे पहिल्या टीमसारखंच आहे का ते बघा. आणि लोनवर गेलेल्यांची मिनिटं मोजा, गोल नाही, मिनिटं. ब्रॅडली २०२२-२३ चा अख्खा सीझन बोल्टनला खेळून आला म्हणून तो तयार होता, क्वान्सानं ब्रिस्टल रोव्हर्सला अर्धा सीझन काढला. ज्याला खालच्या लीगमध्ये दर शनिवारी ९० मिनिटं मिळतायत त्या पोराचं नाव लिहून ठेवा.