हॅशकॅट: कुलूपबंद फाइलचा पासवर्ड अर्धवट आठवत असेल तर

हॅशकॅट हे एकामागून एक पासवर्ड तपासून बरोबरचा शोधणारं साधन. ते फुकट आहे, डिसेंबर २०१५ पासून त्याचा सोर्सही खुला आहे आणि स्वतःच्या झिप, रार किंवा सेव्हन-झेड फाइलचा पासवर्ड अर्धामुर्धा आठवत असेल तर आमची पहिली शिफारस त्याचीच. पासवर्डातलं काहीच आठवत नसेल तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. कीबोर्डवरची ९५ चिन्हं धरून आठ अक्षरी पासवर्ड शोधायचा म्हटलं तर शक्यता होतात सुमारे ६६ कोटी कोटी. सेकंदाला १० हजार पासवर्ड तपासणाऱ्या मशीनला त्यासाठी २१ हजार वर्षं लागतील. शब्द आठवतोय, पुढचे चार आकडे आणि शेवटचं एक चिन्ह आठवत नाही, पहिलं अक्षर मोठं की लहान याची खात्री नाही, अशी स्थिती असेल तर शक्यता फक्त ६ लाख ६० हजार. तेच मशीन त्या मिनिटभरात संपवतं.

मशीन एवढं हळू का, तर फाइलचा प्रकार तसा आहे. सेव्हन-झेड प्रत्येक पासवर्डवर शा-२५६ ही मजकुराचा ठसा काढणारी गणिती प्रक्रिया ५,२४,२८८ वेळा करतं. रार ५ मध्ये नेहमीच्या सेटिंगला ३२,७६८ फेऱ्या असतात, तर विनझिपच्या एईएस (नव्या, मजबूत कुलपाच्या) झिपमध्ये फक्त १,०००. त्यामुळे दुसऱ्याच्या ग्राफिक्स कार्डाचा (हॅशकॅट मुख्यतः त्यावरच चालतं) वेग ऐकताना तो कुठल्या फाइलवरचा हे आधी विचारा.

सुरुवात हॅशकॅटने नाही, सेव्हन-झिपने करा. फाइल त्यात उघडा आणि यादीतला मेथडचा रकाना बघा. फाइलींची नावं दिसत असतील आणि तिथे झिपक्रिप्टो लिहिलं असेल तर पासवर्ड शोधायची गरजच कदाचित पडणार नाही. या जुन्या पद्धतीतली फट बिहाम आणि कोचर या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवली होती. आत असलेल्या एखाद्या फाइलची उघडी प्रत जुन्या ईमेलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर सापडली तर बीकेक्रॅक नावाचं साधन किमान १२ माहीत बाइट्सवरून थेट किल्ल्या काढतं. उघडी प्रत त्याच सॉफ्टवेअरने, त्याच सेटिंगला झिप करून घ्यावी लागते, नाहीतर बाइट्स जुळत नाहीत. एईएस लिहिलं असेल तर हा रस्ता बंद.

हॅशकॅटला मूळ फाइल देत नाहीत, तिच्यातून काढलेली हॅशची ओळ देतात, म्हणजे पासवर्ड तपासायला पुरेल एवढीच माहिती. हे काम जॉन द रिपर या दुसऱ्या पासवर्ड-शोधक साधनाच्या जंबो आवृत्तीतले झिपटूजॉन आणि रारटूजॉन करतात, सेव्हन-झेडसाठी सेव्हनझेडटूहॅशकॅट. नवखे लोक इथेच अडकतात. झिपटूजॉन ओळीच्या सुरुवातीला फाइलचं नाव आणि कोलन, शेवटी पुन्हा नावं जोडतं. ते दोन्हीकडून कापून फक्त डॉलर-चिन्हांमधला भाग ठेवा. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधून ओळ फाइलमध्ये वळवली तर ती यूटीएफ-१६ या वेगळ्या अक्षरसंकेतात लिहिली जाते आणि हॅशकॅट तिला ओळखतच नाही. साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा. मग प्रकाराचा क्रमांक द्या: सेव्हन-झेडला ११६००, रार ५ ला १३०००, विनझिप एईएसला १३६००.

खरं काम मात्र कागद-पेन्सिलचं आहे, आणि तिथे घाई करू नये. आठवतात तेवढे तुकडे लिहा आणि प्रत्येकापुढे खात्रीचा, अंदाजाचा की नुसता वाटणारा हे नोंदवा. आपल्याकडच्या पासवर्डांत घोळ बहुधा रोमन स्पेलिंगचा असतो. विठ्ठलमध्ये टी एक की दोन, लक्ष्मीत एक्स की केएसएच, ज्ञानेश्वर डीएनपासून की जीएनपासून. ही सगळी रूपं एका टेक्स्ट फाइलमध्ये ओळीला एक अशी लिहा, आणि आकडे-चिन्हांसाठी मास्क (कुठल्या जागी कुठल्या प्रकारचं चिन्ह, याचा साचा) लावून हल्ला क्रमांक ६, म्हणजे शब्दयादीपुढे मास्क जोडणारा, चालवा. दहा रूपं, चार आकडे, एक चिन्ह: ३३ लाख शक्यता, वरच्या वेगाने साडेपाच मिनिटं. शेवटी पुण्याचा पिनकोड असल्याचं आठवत असेल तर सहा आकडे मोकळे सोडू नका. शहरातले पिनकोड ४११० ने सुरू होतात, म्हणजे १० लाखांऐवजी १०० शक्यता. पुण्याकडच्या गाडीचा नंबर असेल तर एमएच १२ की १४, एवढीच दोन रूपं लिहा.

बोट चुकल्याचा संशय असेल, म्हणजे अक्षर दोनदा दाबलं गेलं, शेजारची दोन अक्षरं उलटली किंवा कॅप्स लॉक चालू राहिला, तर बीटीसीरिकव्हर घ्या. ते क्रिप्टोच्या पाकिटांसाठी लिहिलेलं आहे, पण चुकांसकट पासवर्डांची यादी छापून देतं आणि ती यादी हॅशकॅटला देता येते. यादी पाइपने, म्हणजे एका प्रोग्रॅममधून थेट दुसऱ्यात सोडून, न देता फाइलमध्ये साठवा. पाइपवर उरलेला वेळ दिसत नाही आणि मध्येच थांबलेलं काम पुढे चालू करता येत नाही.

मराठी कळफलक चालू असताना पासवर्ड टाइप झाला असण्याची शक्यता विसरू नका. ठिपकेच दिसत असल्यामुळे तेव्हा ते कळलेलं नसतं. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात केच्या जागी क येतो, पण एचच्या जागी प. हॅशकॅटचा मास्क बाइट्स मोजतो आणि देवनागरी अक्षराला तीन बाइट्स लागतात, म्हणून अशा वेळी मास्क सोडून शब्दयादीच वापरा.

वेग वाढवणारा मोठ्या ओचा (-O) पर्याय पासवर्डच्या लांबीवर मर्यादा घालतो. लांब पासवर्ड असेल तर तो लावू नका, नाहीतर बरोबर उत्तरही निसटेल. प्रत्येक कामाला सेशनचं नाव द्या. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी रिस्टोअर पर्यायाने काम पुढे चालतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात लॅपटॉपवर रात्रभर चालवायचं टाळा. हॅशकॅट ९० अंशांना स्वतःहून थांबतं, पण तिथपर्यंत नेण्यात काही शहाणपण नाही.

उणिवा सांगायलाच हव्यात. खिडक्या-बटणं नाहीत, चुकांचे संदेश तुटक आहेत, आणि सापडलेला पासवर्ड पॉटफाइलमध्ये, म्हणजे हॅशकॅटच्या उत्तरांच्या नोंदवहीत, उघडा पडून राहतो. पुन्हा चालवल्यावर काहीच दिसलं नाही तर शो पर्याय वापरा. सायबर कॅफेतल्या किंवा ऑफिसच्या मशीनवर ती पॉटफाइल पुसा.

एवढी खटपट नको म्हणून डेटा रिकव्हरीच्या दुकानात जाणार असाल तर तिथे प्रामुख्याने बिघडलेल्या डिस्कची कामं होतात, हे लक्षात ठेवा. पैसे पासवर्ड सापडल्यावरच, हे आधी ठरवा. रार ५ असेल तर फाइल देऊच नका, नुसती हॅशची ओळ द्या, तिच्यात आतला मजकूर नसतो. झिप आणि सेव्हन-झेडच्या ओळीत मात्र कूटबद्ध मजकुराचा भाग असू शकतो. पासवर्ड सापडला की तो छोटा मजकूर उघडता येतो, त्यामुळे ती ओळ अनोळखी वेबसाइटवर चिकटवू नका.