झोप उडालीय, आधी समुपदेशक गाठायचा की मानसोपचारतज्ज्ञ?

कामाचा ताण, गृहकर्जाचा हप्ता, घरात आजारी माणूस, कारण काहीही असो. महिना-दोन महिने डोकं ठिकाणावर नाही म्हटल्यावर सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. एक म्हणतो काउन्सेलरकडे जा. दुसरा म्हणतो, थेट सायकिअ‍ॅट्रिस्ट गाठ. तिसरा दहा दिवस इगतपुरीला जाऊन ये म्हणतो. (विपश्यनेबद्दल आदर आहे, पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराला न येण्याचा सल्ला तिथली मंडळीच देतात. तेव्हा उपचाराच्या जागी ते धरू नका.)

आधी कोण काय करतो ते बघू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर. निदान, औषधं, वेळ पडली तर दाखल करून घेणं हे त्याचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातला. चाचण्या घेतो, थेरपी म्हणजे बोलण्यातून उपचार देतो, गोळ्या लिहून देऊ शकत नाही. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक विचारायला लाजू नका. समुपदेशकांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं कसून काम केलेली माणसं इथे आहेत, आणि चार आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सवर पाटी लावलेलीही आहेत. बाहेरून दोघांची पाटी सारखीच दिसते.

माझा कौल असा: त्रासाचं कारण समोर दिसतंय, कामावर कसंबसं का होईना जाताय, जेवण-झोप थोडीफार चालू आहे, तर समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्टकडे थेरपीपासून सुरुवात करा. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कामातलं लक्ष हे सगळंच बिघडलं असेल, किंवा रोज रात्री दारू लागत असेल, तर डॉक्टर आधी. त्याचा आणखी एक फायदा आहे. थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ कमी पडलं तरी अशीच मरगळ येते, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. कानात आवाज येणं, जगणंच नको वाटणं असं काही असेल तर ही तुलना वाचत बसू नका. आत्ता १४४१६ या सरकारी हेल्पलाइनला फोन करा किंवा कुणाला तरी बरोबर घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

थेरपीत नुसत्या गप्पा मारायच्या असतात, हा समज फार पसरलाय. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी) नावाची जी पद्धत आज सगळ्यात जास्त वापरली जाते, ती १९६० च्या दशकात अ‍ॅरन बेक यांनी बसवली, आणि तिच्यात गृहपाठ असतो. समजा, संध्याकाळी सातला साहेबांचा मेसेज आला: ‘उद्या सकाळी भेटा.’ बस, पोटात गोळा. गेली नोकरी. थेरपिस्ट वहीत चार रकाने आखायला लावते: काय घडलं, मनात काय आलं, त्यावर किती टक्के विश्वास बसतोय, पुरावा काय. विश्वास नव्वद टक्के लिहिला जातो. पुराव्याच्या रकान्याशी मात्र पेन अडतं. मागे असं बोलावलं होतं ते एकदा सुट्ट्यांचं ठरवायला, एकदा नव्या मुलाला काम शिकवायला. आकडा चाळीसवर येतो. तो शून्य व्हायची गरजही नसते, चाळीस टक्क्यांवर माणूस झोपू शकतो. हे आठवड्याला एक याप्रमाणे आठ-दहा बैठका केलं की वही नसतानाही जमायला लागतं. गृहपाठ करायचा कंटाळा असेल तर मात्र पैसे वाया जातील, हे आधीच सांगतो.

गोळ्यांची लोकांना भीती वाटते, ‘सवय लागेल’ म्हणून. ही भीती अर्धी खरी आहे. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, म्हणजे अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपामची सवय खरंच लागू शकते, म्हणून त्या मोजक्या दिवसांपुरत्याच बऱ्या. नैराश्यावरच्या औषधांचं तसं नाही. त्यांची अडचण वेगळी: गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, डोकेदुखी पहिल्या आठवड्यातच सुरू होते. त्रास आधी, फायदा नंतर. त्यामुळे बरेच जण नेमके मध्येच गोळी सोडतात. मनाने बंद करू नका. कमी करायची झाली तरी डॉक्टरला विचारून, हळूहळू. त्रास मध्यम ते तीव्र असेल तर गोळ्या आणि थेरपी दोन्ही बरोबर घेणं बहुतेकदा सरस ठरतं.

आता पदवीकडे किती बघायचं? गोव्यातलं एक काम इथे डोळे उघडणारं आहे. ‘संगाथ’ या संस्थेने मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. बैठका सहा ते आठ. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली निकाल आले: तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आलेले, नेहमीचीच थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्या गटात ३९ टक्के. पण त्या समुपदेशकांच्या हातात ठरलेली पद्धत होती आणि डोक्यावर देखरेख होती. म्हणून पहिल्या भेटीत भिंतीवरची प्रमाणपत्रं मोजण्यापेक्षा विचारा, की तुमची पद्धत कोणती, फरक पडतोय हे आपल्याला कशावरून कळणार, आणि नाही पडला तर मला कुणाकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो, त्याच्याकडे मी तरी परत जाणार नाही.

ऑनलाइन की समोरासमोर? ज्यांच्या गावात थेरपिस्टच नाही, किंवा जे परदेशात आहेत आणि ज्यांना आईशी झालेलं भांडण मराठीतच सांगता येतं, त्यांना ऑनलाइन हा मोठाच आधार. पण वन बीएचकेत सासूबाई हॉलमध्ये आणि मुलं बेडरूममध्ये असताना सासूबाईंबद्दल बोलणार कसं? मग लोक पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून बसतात. तीही सोय नसेल तर क्लिनिक बरं. टेली-मानस, म्हणजे तोच १४४१६, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने तो सुरू केला. मध्यरात्रीच्या घालमेलीला उत्तम. दर आठवड्याला तीच व्यक्ती हवी असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

पैशांचं गणित उघड आहे. पुण्या-मुंबईत खासगी बैठकीचे साधारण हजार ते अडीच हजार रुपये, म्हणजे दहा बैठकांना पगारात चांगलंच भोक. केईएम, नायर, ससूनसारख्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था आहे. तिथे खर्च नगण्य, पण गर्दीत डॉक्टरला तुमच्यासाठी थोडाच वेळ मिळतो. निदान आणि औषधं तिथून, थेरपी बाहेर, असा मेळ अनेकांना परवडतो. सकाळी लवकर जा, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा.

विम्याचंही बघून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा लागतो. पण बऱ्याच पॉलिसी दाखल होण्याचा खर्च देतात, थेरपीच्या बैठकांचा देत नाहीत. एजंटचं तोंडी ‘होऽ, मिळतं की’ धरून चालू नका, ईमेलवर लेखी उत्तर मागवा.