चार-पाच दिवस हातात असतील तर नागपुरातून कुठल्या सीमेकडे निघावं?

दर दिवाळीला पुण्याहून नणंदेचा फोन येतो. "वहिनी, यंदा वाघ बघायचाच आहे. ताडोबाचं बुकिंग तेवढं करून ठेव." मी करून ठेवते. मंडळी येतात, दोन सफाऱ्या करतात, मधल्या दुपारी खोलीत पडून राहतात आणि तिसऱ्या दिवशी परत जातात. मागच्या खेपेला जेवताना सहज विचारलं, बारा ते चार काय केलंत गं? तर म्हणाली, "काय करणार, मोबाइलला रेंजपण नव्हती."

तेव्हापासून जंगलाकडचा प्रवास मी दुपारवरून जोखते. पहाटे आणि संध्याकाळी जिप्सीत बसलं की कुठलंही जंगल आपल्याला सांभाळून घेतं. मधल्या वेळात तो मुलूख काय दाखवतो, हे बघायचं. म्हणून ताडोबा इथे बाजूला ठेवलाय. फक्त वाघच हवा असेल तर सरळ तिकडेच जा, मंगळवारी बंद असतो एवढं लक्षात ठेवा. मेळघाटही नाही घेतला, तो अमरावतीत मुक्काम करून बघायचा वेगळा विषय आहे.

उरतात तीन दिशा. उत्तरेला पेंच, शिवनी, छिंदवाडा. पूर्वेला भंडारा-गोंदिया, थेट बालाघाटच्या कडेपर्यंत. दक्षिणेला गडचिरोली, भामरागड, सिरोंचा. आज या तिन्ही वाटांच्या टोकाला दुसरं राज्य लागतं, पण १९५६ पर्यंत शिवनी, छिंदवाडा, बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी आपलंच नागपूर होतं. सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारात अजून मराठीत भाव करता येतो. रेषा नंतर आली.

अंतर आणि वाहन

उत्तर सगळ्यात सोपी. रामटेक पन्नास किलोमीटर, पुढे खवासाची सीमा, सगळा रस्ता चौपदरी. पूर्वेला गोंदिया रेल्वेने दोन-अडीच तास आणि हावडा मार्ग असल्याने गाड्यांना तोटा नाही. दक्षिण लांब आहे. गडचिरोली शहरच १७० किलोमीटर, आणि भामरागड किंवा सिरोंचा म्हणजे साडेतीनशेच्या घरात. वर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. चार दिवसांत दक्षिण करतो म्हणणाऱ्याचे दोन दिवस गाडीतच जातात, हे आधीच सांगून ठेवते.

प्राणी

पेंच दोन्ही राज्यांत पसरलेला आहे. मध्य प्रदेशातलं तुरिया गेट नावाजलेलं, म्हणून गर्दीही तिथेच. महाराष्ट्राच्या बाजूला सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार. इथे जिप्सी कमी आणि वाद कमी. शिवाय महाराष्ट्रातला पेंच २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, म्हणजे दिव्यांचा उजेड आवरून तारे बघण्यासाठी जपलेलं जंगल. हिवाळ्यात मुलांना घेऊन जायचं तर मला हे वाघाइतकंच मोलाचं वाटतं. महामार्गावरून जाताना उंचावलेल्या रस्त्याखाली वन्यप्राण्यांसाठी सोडलेल्या वाटा दिसतात, त्यांतली सर्वांत लांब साडेसातशे मीटरची आहे. वरून आपण जातो, खालून वाघ. मुलांना सांगा, पुढचा अर्धा तास ती खिडकीला चिकटून बसतील.

नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ आहे, पण पेंचइतक्या सहज समोर येत नाही. रानकुत्री, अस्वल, बिबट्या आणि मुख्य म्हणजे पाखरं. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींनी नोकरीतली बरीच वर्षं नवेगावला काढली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. नवेगाव बांधच्या काठावर हिवाळ्यातल्या सकाळी तासभर बसलं, की तो माणूस इथे का रमला ते कळतं. खरं नवल मात्र जंगलाबाहेर आहे. वैनगंगा आणि बाघ नदीकाठच्या धानाच्या बांध्यांमध्ये सारस उभा असतो. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा पक्षी, लाल डोकं, जोडीने. महाराष्ट्रात सारस बघायचा तर गोंदियाचाच पट्टा. त्याला जिप्सी लागत नाही, गेट लागत नाही. गावातला एखादा पोरगा सायकलवरून पुढे चालतो आणि बोट दाखवतो.

दक्षिणेला सफारी हा शब्दच विसरा. कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे, कोलामार्काच्या जंगलात रानम्हशी आहेत, त्या दिसतीलच असं नाही. २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप आला आणि तेव्हापासून तो गडचिरोली-गोंदियाच्या धानात फिरतो. हत्ती आलेत म्हणून गाडी वळवणारे पाहुणे मी पाहिलेत. वळवू नका. ज्याचं धान गेलंय त्याच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही.

दुपार: दगड

नागपूर वसवलं ते छिंदवाड्याजवळच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ मध्ये. नागपुरात जन्म काढलेल्या किती जणांनी देवगड बघितलाय? मी स्वतः चाळिशीनंतर गेले. किल्ला ढासळलेला आहे, पण पायथ्याच्या दगडी बावड्या बघण्यासारख्या आहेत. मनसरला वाकाटकांच्या काळातलं उत्खनन, रामटेकला गड. पुढे तामिया आणि पातालकोट, घोड्याच्या नालेसारखी खोल दरी आणि तळाशी भारिया आदिवासींची बारा गावं. दरी कठड्यावरून बघून परत फिरलात तर काहीच बघितलं नाही. खाली उतरायला एक अख्खी दुपार द्या.

पूर्वेकडे उमरेड-भिवापूरच्या रस्त्याने गेलात तर पवनी लागते. नदीकाठचं गाव, कोटाच्या भिंती, देवळांची दाटी. १९६९-७० मध्ये इथल्या जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप उघडा पडला. तासाभरात बघून होतं. दरेकसा स्टेशनाजवळची कचारगडची गुहा मात्र वेगळी. माघ पौर्णिमेला देशभरातले गोंड तिथे जमतात. तेव्हा गर्दी सहन होत असेल तरच जा, पण तेव्हाच जा.

दक्षिणेत चामोर्शीजवळचं मार्कंडा. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते आणि त्या वळणावर कोरीव देवळं उभी आहेत. सिरोंच्याजवळ वडधमला डायनासोरच्या काळातले जीवाश्म, सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते, पलीकडे पुलावरून तेलंगणातलं कालेश्वरम. दगडांच्या बाबतीत दक्षिणच सरस, मी यात भांडणार नाही.

दुपार: हाताचं काम

इथे मात्र माझा कल उघड आहे.

उत्तरेला पेंचजवळ पचधार नावाचं कुंभारांचं गाव आहे. चाकावर बसू देतात, पोरं खूश होतात, एक तास मजेत जातो. दक्षिणेत बांबूचं काम आहे, बुरडांच्या टोपल्यांपासून थेट फर्निचरपर्यंत.

आणि पूर्वेला कोसा, म्हणजे टसर रेशीम आहे. मोहाडी-आंधळगावकडे करवत काठी साडी विणतात. मागच्या हिवाळ्यात आंधळगावच्या एका घरात मी दुपारी एकला शिरले ती पाचला निघाले. मागावर साडी दोन वीत झालेली. विणकर काकांच्या हाताशी तीन धोटे, अंगाचा एक आणि दोन्ही काठांचे दोन. काठाचा आडवा धागा आणि अंगाचा आडवा धागा जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवायचे, मग पुढे जायचं. त्या अडकवणीतून करवतीच्या दातांसारखी ओळ उमटते. एक दात चुकला की काका फणी थांबवायचे, दोन ओळी उसवायचे, काही न बोलता पुन्हा विणायचे. मी विचारलं, एवढं कोण बघणार? "नेसणारी नाही बघणार," ते म्हणाले, "पण तिची सासू बघते." कोशांचा वास घरभर होता, उकळलेल्या पाण्याचा, जरा उग्र. रंग चढवण्याआधीचा कोसा मधासारखा दिसतो, जुन्या, दाट झालेल्या मधासारखा. करवत काठीला भौगोलिक मानांकन आहे, पण काकांच्या दोन्ही मुलांपैकी कोणीही मागावर बसत नाही.

गंमत अशी की हे कोश येतात कुठून, तर गडचिरोलीच्या आरमोरीकडूनही. तिथे ढिवर समाजाचे लोक ऐनाच्या झाडांवर अळ्या वाढवतात. दक्षिण आणि पूर्व अशी धाग्याने जोडलेली आहे. आठ दिवस असतील तर आधी आरमोरीला झाडावरचा कोश बघा, मग आंधळगावला मागावर या.

रात्रीचं म्हणाल तर दिवाळी ते होळी पूर्वेला तोड नाही. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्रा, आणि रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याचं नाटक. कंपन्यांचं माहेर वडसा. कापणी झालेल्या शेतात शामियाना, प्रेक्षक चादरी घेऊन, आणि प्रयोग पहाटेपर्यंत. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे पद्मश्री झाले. पुण्याच्या पाहुण्यांना पहिला अर्धा तास ते भडक वाटतं. नंतर तेच पुढच्या रांगेत सरकतात.

ताट

नागपुरातून निघताना बर्डीवर तर्री-पोहे खा, मग तीन वाटा तीन ताटांत फुटतात. उत्तरेला मक्याची भाकरी, कुटकीचा भात, गाकड-भरता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिवनीची सीताफळं. पोटभर, ओळखीचं.

पूर्वेला भात. चिन्नोर तांदळाला मानांकन भंडाऱ्यालाही आहे आणि पलीकडे बालाघाटलाही. शिजताना दोन्हीकडे अख्ख्या गल्लीला कळतं. सोबत लाखोळीची डाळ, मामा तलावातले झिंगे, भिवापुरी मिरचीचा रस्सा. (मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांचे तलाव. माझ्या जावयाने दोन दिवस 'कोणाचा मामा?' विचारलं होतं.) नवेगाव बांधही असाच जुना तलाव, कोहळी समाजाच्या कोलू पाटलाने बांधल्याचं सांगतात. पावसाळ्यात गेलात तर वास्ते (बांबूचे कोंब), टेकोडे (अळिंबी), तरोट्याची भाजी. कोअर जंगल तेव्हा बंद असतं, पण ताट तेव्हाच भरलेलं असतं आणि बांध्यांत सारसाची घरटीही तेव्हाच.

दक्षिणेचं जेवण हॉटेलात नाही. आंबील, लाल मुंग्यांची चटणी, गोरग्याच्या झाडाचा रस, हे सगळं माडिया आदिवासींच्या घरात, आणि घरात बोलावलं तरच. सिरोंच्यात पोचलात की अचानक तेलुगू कानावर येतं आणि ताटात अंबाडीची पचडी.

मग कोणी कुठे जावं

तीन दिवस, लहान मुलं, सोबत सासू-सासरे: उत्तर. राहायची जागा मात्र नकाशावर मोजून घ्या. आम्हाला 'गेटला लागून' म्हणून विकलेली खोली गेटपासून बावीस किलोमीटरवर निघाली आणि पहाटे चारला डिसेंबरच्या थंडीत ते अंतर भारी पडलं.

दक्षिणेला आठ दिवसांखाली जाऊ नका आणि ओळखीशिवायही नको. नक्षलवादाची पूर्वीची भीती बरीच ओसरली आहे, तरी अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, सुरक्षा दलांच्या कॅम्पचे फोटो काढायचे नाहीत, रोख पैसे जवळ ठेवायचे. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आहे, तिथे आधी कळवून जा. धानोऱ्याजवळचं मेंढा-लेखा हे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं देशातलं पहिलं गाव, तिथे ग्रामसभेला विचारून जा. ते प्रेक्षणीय स्थळ नाही, नांदतं गाव आहे. आणि जुलै-ऑगस्टात भामरागडचा बेत आखू नका. काही वर्षांपूर्वी पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं म्हणून आम्ही दोन दिवस आलापल्लीत बसून होतो. तिथलं सागाचं जुनं जंगल मनसोक्त बघून झालं, पण भामरागड राहिलं ते राहिलंच.

पहिल्यांदाच येणाऱ्याला, चार-पाच दिवस असलेल्याला, आणि माझ्या नणंदेला: पूर्व. वाघ दिसेलच असं मी तिला सांगितलेलं नाही. डिसेंबरचा दुसरा आठवडा धरलाय. नागपूरहून भंडारा-मोहाडी, एक मुक्काम. मग नागझिऱ्याजवळ दोन. शेवटचा नवेगाव बांधला, आणि परत मोटारने नाही. गोंदिया-बल्लारशा पॅसेंजर देवळगावला पकडायची, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड असं प्रत्येक स्टेशन घेत ती जंगलातून रेंगाळत जाते. वडशाला उतरून नाटकाची तिकिटं काढायची. गाडीच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या, त्या बदलत असतात.