काच मांडायची की काचेवर लिहायचं?

नागपुरात धरमपेठेत आमच्या घरासमोर राहणारी मुलगी चित्रकला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. एका संध्याकाळी येऊन बसली आणि थेट म्हणाली, "काकू, मला काचेतच काम करायचंय. पण भट्टीसमोर उभं राहायचं नाही. क्युरेटर होऊ की समीक्षक?" तिच्या वर्गातली कोणी चित्रकार होणार, कोणी अ‍ॅनिमेशनला जाणार, कोणी शाळेत शिकवणार. काचेचं नाव घेणारी ती एकटीच. त्या दिवशी दोन तास बोलताना तिला जे सांगितलं, ते इथे नीट लिहून काढते आहे. हा प्रश्न पडलेली आणखीही मुलं या शहरात असतील.

आधी काच म्हणजे कोणती, ते. कलावंताने स्वतःच्या छोट्या भट्टीवर, स्वतःच्या हाताने घडवलेली काच. १९६२ पर्यंत काच हे कारखान्यातलं काम समजलं जाई. त्या वर्षी अमेरिकेत टोलीडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वी लिटलटन या मातीकामाच्या शिक्षकाने दोन कार्यशाळा घेतल्या. सुरुवातीला काच नीट वितळेचना. मग डॉमिनिक लॅबिनो या काचतज्ज्ञाने फायबरग्लाससाठी वापरतात त्या काचेच्या गोट्या आणून दिल्या. त्या कमी तापमानाला वितळल्या आणि गाडं पुढे सरकलं. लिटलटनच्या विद्यार्थ्यांपैकी डेल चिहूली यांनी पुढे १९७१ मध्ये पिलचक ही काचशाळा सहकाऱ्यांसोबत सुरू केली. तिकडे चेकोस्लोव्हाकियात लिबेन्स्की आणि ब्रिख्तोवा हे जोडपं ओतीव काचेची शिल्पं घडवत होतंच. म्हणजे आजच्या अर्थाने ही कला साठ-पासष्ट वर्षांची. शिल्पाबद्दल बोलायला शेकडो वर्षांची भाषा तयार आहे, काचेबद्दलची अजून घडते आहे. कोणतं काम खोल आणि कोणतं नुसतं चकचकीत, हे ठरवणारी माणसं कमी आहेत, आणि म्हणूनच दोन्ही वाटांवर जागा आहे.

क्युरेटरचं काम हाताचं आहे

क्युरेटर म्हणजे उद्घाटनाला हॉलमध्ये हिंडणारी व्यक्ती, अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाका. सरकारी भाषेत या पदाला अभिरक्षक म्हणतात आणि तो शब्द मला जास्त खरा वाटतो. वस्तू राखायची, तिची नोंद ठेवायची, ती कुठून आली हे शोधायचं, आणि मग ती कुणाच्या शेजारी ठेवली तर काय बोलेल हे ठरवायचं. काचेच्या बाबतीत यातला राखण्याचा भाग फार मोठा असतो.

गरम काच सावकाश निवली नाही तर तिच्या आत ताण राहतो. म्हणून साध्या सोडा-चुन्याच्या काचेला पाचशे अंशांच्या आसपास धरून ठेवून हळूहळू थंड करतात. याला अनीलिंग म्हणतात. काम जितकं जाड, तितके दिवस जास्त. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी कॉर्निंग या तिथल्या काचकंपनीच्या कारखान्यात १९३४ मध्ये पाच मीटर व्यासाची चकती ओतली, ती निवायला कित्येक महिने लागले. त्याआधीची पहिली चकती फसली होती. ती आज कॉर्निंगच्या काचसंग्रहालयात दिमाखात मांडलेली आहे. फसलेली वस्तू मांडून काचेचा स्वभाव समजावून सांगावा, हे ज्याला सुचलं तो खरा क्युरेटर.

दुसरा त्रास रसायनाचा. मिश्रणात क्षार जास्त आणि चुना कमी पडला, तर हवेतला ओलावा ते क्षार बाहेर ओढतो आणि काचेवर बारीक भेगांचं जाळं पसरतं. ते परत मिटत नाही, वाढू न देणं एवढंच हातात असतं. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची कोरडी आग आणि जुलैत दमट हवा. ही सततची चढउतार अशा काचेला सगळ्यात वाईट.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका छोट्या प्रदर्शनाच्या मांडणीत मदत करत होते. एका जाड ओतीव वाडग्यावर जवळून प्रखर दिवा सोडला होता. वाडगा सुंदर दिसत होता, म्हणून मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी टणकन आवाज आला आणि वाडग्याला काठापासून तळापर्यंत तडा गेलेला दिसला. काच नीट निववलेली नव्हती आणि वरून उष्णता पडत होती. ज्याने तो केला होता त्याला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. त्या दिवसापासून दिवा, अंतर आणि काचेची जाडी या तीन गोष्टी विचारल्याशिवाय मी काच मांडत नाही.

या वाटेला शिक्षण लागतं आणि त्यासाठी काही वर्षं तरी नागपूर सोडावं लागतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पदविका देतं, आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आधुनिक भारतीय कला आणि क्युरेटरशिप शिकवतं. पण यांपैकी कुठेही तुम्हाला खास काच शिकवणार नाहीत, ती स्वतः मिळवायची. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, सिरॅमिक आणि काच डिझाइनचा विभाग आहे. तिथली मुलं मित्र झाली तर भट्टी जवळून बघायला मिळेल.

पैशांचं थोडक्यात सांगते. सरकारी अभिरक्षकाला पगार आहे, पण पदं मोजकी आणि भरती क्वचित. खाजगी गॅलरीत काम लवकर मिळतं, पण तिथे विक्रीचा दबाव असतो. स्वतंत्र क्युरेटरला प्रदर्शनागणिक मानधन, मधले महिने कोरडे.

समीक्षकाला इमारत लागत नाही

समीक्षकाला डोळे, वेळ आणि भाषा पुरते. काचेवर लिहून मराठीत कुणाचं पोट भरत नाही. शिकवणं, अनुवाद, कॅटलॉगचा मजकूर, असं काहीतरी सोबत धरावं लागतं. तरीही नागपुरात राहून सुरू करता येईल अशी वाट हीच आहे, आणि माझा कलही तिच्याकडेच होता.

काचेच्या समीक्षेतला मोठा प्रश्न असा की काच फार सहज सुंदर दिसते. उजेड तिच्यातून गेला की बघणारा हरखतो आणि विचार करायचं थांबतो. लिटलटन यांनीच एकदा तंत्र स्वस्त असतं असं म्हणून काचकलावंतांमध्ये खळबळ उडवली होती. केवळ कौशल्य दाखवणारं काम आणि काहीतरी म्हणू पाहणारं काम वेगळं करणं, हे समीक्षकाचं रोजचं काम. पण तंत्र कळल्याशिवाय ते होत नाही. आतला बुडबुडा मुद्दाम ठेवलाय की राहून गेलाय, हे ओळखता आलं नाही तर लेख नुसता विशेषणांचा होतो.

आपल्या देशात याला आणखी एक पदर आहे. फ्रेंच कलावंत जाँ-मिशेल ओथोनिएल यांच्या काचेच्या विटा फिरोजाबादच्या कारागिरांनी फुंकून केलेल्या आहेत. ज्या फिरोजाबादच्या बांगड्या आपण इतवारीच्या बाजारात मनगटावर चढवतो, तिथलीच काच जगातल्या नामवंत दालनांत जाते. मग ते काम कुणाचं? ज्याने कल्पना केली त्याचं, की ज्याच्या फुंकरीने वीट फुगली त्याचंही? भिंतीवरच्या पाटीवर कुणाचं नाव हवं? क्युरेटरला त्या पाटीवर चार ओळी मिळतात आणि प्रायोजक, कलावंत, संग्रहालय या सगळ्यांना सांभाळावं लागतं. समीक्षक यावर चार पानं लिहू शकतो. दोन्ही कामांतला हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि आपल्या घरची काच तर अजून पुरती लिहिलीच गेलेली नाही. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये पुण्याजवळच्या तळेगावला काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला, तिथला प्रभाकर कंदील गावोगावी पोचला. आज विदर्भातल्या किती माळ्यांवर तो धूळ खात पडला असेल! जपानमधल्या तोयामा शहरात औषधं विकणाऱ्यांना लागणाऱ्या बाटल्यांपासून काचेची परंपरा सुरू झाली. त्या शहराने तिचा मान राखला, १९९१ मध्ये काचकलेची संस्था काढली आणि २०१५ मध्ये केंगो कुमा यांच्या इमारतीत काचकलेचं संग्रहालय उघडलं. आपल्या कंदिलाकडे कला म्हणून कुणी बघावं, असं वाटायला लावणारा पहिला लेख कुणीतरी लिहायला हवा.

सरावासाठी कॉर्निंगच्या काचसंग्रहालयाचं न्यू ग्लास रिव्ह्यू हे प्रकाशन बघा. जगभरातून आलेल्या प्रवेशिकांतून शंभर कामं निवडतात आणि आपण काय का निवडलं हे परीक्षक लिहितात. प्रत्यक्ष बघायला नागपूरहून रात्रभराच्या प्रवासावर हैदराबाद आहे, तिथल्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय काच भरपूर आहे. इथे गावात १८६३ सालचा आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय आहे. तिथे काचेसाठी नाही, पण वस्तूसमोर तासभर गप्प उभं राहायची सवय लागावी म्हणून जा.

दोन्ही केलं तर?

केलेलं आहे लोकांनी. विल्यम वॉर्मस हे आधी कॉर्निंगला क्युरेटर होते, पुढे लेखन आणि काचेच्या त्रैमासिकाचं संपादन यांकडे वळले. टीना ओल्डनो यांनी पिलचकचा इतिहास आधी लिहिला आणि २००० मध्ये त्या कॉर्निंगला आधुनिक काचेच्या क्युरेटर झाल्या. डॅन क्लाइन तर लेखन, लिलाव आणि प्रदर्शनं तिन्हीकडे वावरले. अडचण एकच, पण खरी आहे. ज्याचं काम तुम्ही स्वतः निवडून मांडलं, त्याच्यावर महिनाभरात समीक्षा लिहू नये. आणि ज्याच्यावर कडक लिहिलं, तो उद्या आपलं काम तुमच्या प्रदर्शनाला देईलच असं नाही. नागपूरसारख्या शहरात, जिथे सगळे एकमेकांना चिटणवीस सेंटरला नाहीतर दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्रात भेटतात, तिथे ही किंमत लवकर मोजावी लागते.

मुलीला मी सांगितलं, दोन वर्षं इथेच राहून लिही, मग ठरव. तिला ते पटलेलं दिसलं नाही. म्हणून माळ्यावरचा आमचा कंदील काढला, चिमणी पुसली आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, "आठवड्यात यावर तीनशे शब्द लिही. आणि हाच कंदील तुझ्या खोलीत असा मांड, की आत येणारा थांबून बघेल. यातलं काय करताना जेवायची आठवण राहिली नाही, ते मला येऊन सांग."

रविवारी तिच्या आईने बोलावलं म्हणून मी गेले. लेख चार ओळींवर थांबला होता. पण खोलीतलं कपाट तिने हलवलं होतं, खिडकीला काळा कागद लावून त्यात बोटभर फट ठेवली होती आणि संध्याकाळचा उजेड नेमका चिमणीच्या तळाशी पडत होता. तिथे काचेत एक लांबट बुडबुडा आहे. इतक्या वर्षांत तो मला कधीच दिसला नव्हता. बडोद्याच्या प्रवेशाची माहिती आम्ही तिथेच बसून काढली.