फोल्डिंग मच्छरदाणी अन् डीटवालं लोशन: अंदमानला नेऊन पाहिलं

जानेवारीत नागपूरची थंडी आईला सोसत नाही, म्हणून गरम जागा शोधत होतो. तामिळनाडूकडे पाऊस डिसेंबरपर्यंत लांबतो, अंदमान मात्र जानेवारी ते एप्रिल बऱ्यापैकी कोरडं राहते, म्हणून तेच ठरवलं. पण मच्छर तिथेही आहेतच ना, मग सीताबर्डीवरून पलंगावर तंबूसारखी उघडणारी मच्छरदाणी घेतली, तारेची फ्रेम आहे, पिशवीतून काढली की फटकन उभी राहते, खालूनही जाळी आहे त्यामुळे खोचायची भानगड नाही. खरी कसरत घडी घालताना, तार आठच्या आकड्यासारखी पिळून गोल दाबावी लागते, घरीच प्रॅक्टिस करून जा. एकच खोट, दोन चेन जिथे भेटतात तिथे बोट जाईल एवढी फट राहते, अन् मच्छर बरोबर तीच शोधतो, आम्ही कपड्याचा चिमटा लावला.

पण नुसती मच्छरदाणी पुरत नाही बरं का, डेंगूचा मच्छर दिवसा चावतो, म्हणून डीटवालं लोशन पाहिजेच, डीट म्हणजे मच्छर दूर ठेवणारं रसायन. लोशनात डीटचा टक्का जास्त म्हणजे जास्त वेळ टिकते, पण 50 च्या वर फारसा फरक पडत नाही. आधी सनस्क्रीन, ते वाळलं की लोशन. घड्याळाच्या प्लास्टिक पट्ट्याला अन् गॉगलला लागू देऊ नका, डीटनं प्लास्टिक खराब होते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावायचंच नाही, त्याला जाळीतच ठेवा.

मच्छरदाणीला पाचपैकी चार, बिनधास्त घ्या, फक्त दुकानातच चेन उघडबंद करून पाहा.