बर्फ घालावा की फळंच गोठवावीत?

उन्हातून आल्यावर गारेगार, घट्टसर स्मूदी हवी असते. मग मिक्सरमध्ये बर्फ घालायचा की आधीच फळं गोठवून ठेवायची? माझं मत विचाराल तर फळं गोठवा.

बर्फ हाताशी असतो आणि झटपट गार करतो, हे खरंच. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ३३४ जूल उष्णता शोषून घेतो. पण वितळला की उरतं ते पाणी. थोड्याच वेळात ग्लासात वर फेस आणि खाली पातळ रस दिसू लागतो, चव फिकी पडते. शिवाय अख्खे खडे फोडताना साध्या मिक्सरवर ताण येतो तो वेगळाच.

गोठवलेल्या फळात गारवा आणि चव एकाच तुकड्यात मिळतात. पिकलेलं केळं तर कमाल करतं! सोलून चकत्या करा, ताटात सुट्या पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मगच डब्यात भरा (आधीच डब्यात कोंबल्या तर सगळ्यांचा मिळून एक दगड होतो). मिक्सरमध्ये आधी दूध किंवा रस, मग फळ. पाती नुसतीच फिरू लागली तर मिक्सर बंद करून चमच्याने ढवळा, लगेच आणखी दूध ओतू नका. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून फळ पूर्ण पिकलेलंच घ्या.

कलिंगड, संत्र्यासारख्या रसाळ फळांचा मात्र रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. वितळला तरी तो रसच राहतो.